दुसऱ्या बाजूचा आवाज

मी एक कॅसेट. अमडापूरच्या रुखमाबाईंच्या देवघरात, पोथ्यांशेजारी माझी डबी असते. गाणी मात्र माझ्यात देवाची नाहीत. सातासमुद्रापलीकडच्या एका रॉक बँडची आहेत.

मला भरलं त्यांच्या लेकानं, अविनाशनं. पहिल्या बाजूवर बँडचा जुना आवाज, गिटारींचा नुसता धडाका. दुसरीवर नवा, त्यात कीबोर्ड आला होता, चाली संथ झाल्या होत्या. त्यावरून अविनाश आणि त्याचा जिवलग दोस्त हर्षल यांची रोज जुंपायची.

"बँड मेला बे! हे त कीर्तन वाटून राह्यलं," हर्षल म्हणायचा.

"मेला नाही, मोठा झाला. तुलेच कान नाहीत!"

"कीर्तन वाटते त बरंच हाय की," रुखमाबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या.

एकदा हर्षल रागानं उठून गेला तो आठ दिवस फिरकलाच नाही. त्या आठ दिवसांत अविनाशनं दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यामागं आपला आवाज भरला. आधी खोकला. मग, "हर्षल्या, इथपर्यंत आला म्हणजे गाणं पुरं ऐकलं तू. अजून दोनदा ऐक, मंग बोल. मी वाट पाहून राह्यलो."

आईला त्यानं बजावलं, "त्याले सांगू नको माय. नाहीतर गाण्यासाठी नाही, माह्यासाठी ऐकल."

खोकल्याचा ताप झाला, आणि हर्षल परत यायच्या आधीच ताप अविनाशला घेऊन गेला.

सव्वीस वर्षं झाली. हर्षल दर दिवाळीला येतो, पहिली बाजू ऐकतो, डोळे पुसतो. "दुसरी नको मावशी. तिच्यापायीच भांडलो आमी." रुखमाबाई मला काढून डबीत ठेवतात. लेकाला दिलेला शब्द त्यांना व्रतासारखाच.

एकट्या असल्या की त्या दुसरी बाजू लावतात. खोकला ऐकला की तांब्या भरायला उठतात. पाणी द्यायचं कुणाला, हे तांब्या भरल्यावर आठवतं.

पण दर खेपेला माझी फीत झिजते, आवाज विरतो. हे ध्यानात आलं आणि यंदा चातुर्मासात लोकांनी वांगं सोडलं तेव्हा रुखमाबाईंनी लेकाचा आवाज सोडला. "हर्षलपुरता उरू दे रे देवा."

यंदा हर्षल तुळशीच्या लग्नाला आला. कानांवरचे केस पांढरे झालेले. पहिली बाजू संपली. रुखमाबाई मला काढू लागल्या, तर तोच म्हणाला, "उलटी लाव मावशी. एका गाण्याशी किती वर्षं अबोला धरू?"

मी फिरले. ते संथ गाणं संपलं. खरखर. मग खोकला.

अविनाशचं बोलणं सरल्यावर हर्षलनं पेन्सिल मागितली. टेपमध्ये तुटेन म्हणून ती माझ्या चाकात घालून मला हातानं, हळू मागे गुंडाळलं. दुसऱ्यांदा ऐकलं. पुन्हा गुंडाळलं. तिसऱ्यांदा गाणं संपलं तेव्हा त्या खरखरीतच तो म्हणाला, "मोठाच झाला होता बे. तुह्यंच खरं."

तेवढ्यात खोकला आला. रुखमाबाई सवयीनं उठू लागल्या. पण त्यांच्याआधी तांब्या घेऊन हर्षल उठला होता.

आता माझ्यात एखाद-दोन खेपाच उरल्या असतील. गाण्यावरून कुणाशी भांडला असाल, तर आधी ते शेवटपर्यंत ऐका. शेवटी कोण वाट पाहत बसलंय, सांगता येत नाही.

तांब्या अजून माझ्याशेजारी आहे. भरलेला.