कांताचं पुढचं वाक्य

"गवर आली दारी, तिचे पाय धुवा कोणी..."

एवढं म्हणून कांता थांबायची. नव्या नवरीचा तो आवाज, पहाटेच्या दवासारखा ओला. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर गौरीचा जागर रंगलेला असायचा आणि पुढची ओळ बाकीच्या बायकांनी उचलायची, हा तिथला रिवाज.

"माझ्या माहेरच्या विहिरीचं आणा गोड पाणी!"

एखादी पेंगली, उचलायला चुकली, तर कांता फुगडीचा खोचलेला पदर सोडून तिला दटावायची, "अर्धी ओवी टाकू नये गो. अर्धी टाकली की घरचं माणूस उपाशी निजतं." गॅलरीच्या टोकाला पत्ते कुटणारे पुरुष फिदीफिदी हसायचे. वसंत तेवढा हसायचा नाही. हातातली पानं तशीच धरून तो दुसऱ्या ओळीची वाट बघायचा.

आता त्या गोष्टीला जन्म उलटला. तोंडातले दात गेले, वसंतची बायको गेली, लालबागची ती चाळही गेली. पण कांताची एक ओळ त्याच्या कानात अर्ध्यावरच अडकून बसली होती, आणि ती ओवी नव्हती.

चाळ पाडून टॉवर बांधायची बोलणी चालली होती तेव्हाची ही गोष्ट. वसंतची मुलगी पूर्वी एका चॅनलवर लागली होती. तिचा कार्यक्रम, 'काय म्हणते पब्लिक'. माईक घेऊन रस्त्यावर उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारायचा. त्या दुपारी ती आपल्याच चाळीत आली. वसंत अभिमानानं लेकीची बॅग खांद्याला लावून बाजूला उभा राहिला. पूर्वीनं माईक धरला तो थेट कांतासमोर. दुसरं कोण होतं? कांता बोलली की अख्खी चाळ ऐकायची.

कांता हसली. म्हणाली, "टॉवर हवाच की आम्हाला." मग हसू आवरून, कॅमेऱ्याकडे बोट करून पुढचं बोलली. ऐकायला बाजूला वसंतच होता; त्यानं शब्द न् शब्द ऐकला.

टीव्हीवर लागलं ते एवढंच. टॉवर हवाच की आम्हाला. आणि ते हसू.

बिल्डरची माणसं मोबाईलवर तेवढा तुकडा घेऊन दारोदार फिरली. "बघा, तुमची कांताबाईच म्हणते." बायकांनी पाहिलं, नवऱ्यांना सांगितलं, कांताच्या कानावर जाईपर्यंत सह्या झाल्या.

त्या रात्री जेवताना वसंतनं विचारलं होतं, "पूर्वी, ती पुढं बोलली ते कुठं गेलं?"

"बाबा, वीस सेकंदांत माणूस बसवायचा असतो. 'पण' आला की तिथं कात्री. 'पण'च्या पुढचं कोणी बघत नाही."

"अगं, पण..."

"बघा, तुम्हीपण!" ती हसली आणि तिनं त्याच्या ताटात भात वाढला. नोकरी नुकतीच पक्की झाली होती तिची. वसंतनं भात कालवला. कार्यक्रमाच्या आधी त्याच बिल्डरची जाहिरात लागते, हे त्याच्या ध्यानात यायला पुढं बरेच दिवस गेले.

चाळ पडली. सगळे पांगले. कोणी वरळीला भाड्यानं, कोणी माहीमला भावाकडं. वसंत आणि पूर्वी शीव कोळीवाड्यात. मग कळलं की या जागेवरचा टॉवर विकायचा आहे आणि चाळकऱ्यांची घरं ठाण्याच्याही पलीकडं, खाडीकाठच्या कुठल्याशा माळावर. सहीच्या कागदात तसं बारीक अक्षरात होतंच. बिल्डर कोणाच्या हाताला लागेना. हाताला लागली ती कांता.

"मी पुढं बोलले होते," ती ज्याला त्याला सांगत सुटली.

"टीव्हीवर तर नाय ऐकला," लोक म्हणायचे.

एकदा लालबागच्या चिवडा गल्लीच्या तोंडाशी तिनं वसंतला गाठलं. सोबत चाळीतल्या दोघी होत्या. "भाऊजी, तुम्ही बाजूलाच होतात ना? सांगा ह्यांना."

वसंतनं स्वतःच्या चपलांकडं पाहिलं. "नीट आठवत नाही वहिनी. गाड्यांचा आवाज होता."

कांतानं पदर सावरला आणि ती गल्लीत निघून गेली. त्या वर्षी चाळकऱ्यांनी कोणाच्याशा खोलीत गौर बसवली. कांता आली नाही. बायकांनी दोनचार ओळी धरून पाहिल्या, पुढचं कोणाला येईना. शेवटी स्पीकर लावला.

आणि आज रविवार. चाळीच्या जागी खोल खड्डा, भोवती निळे पत्रे, पत्र्यांवर पोहण्याच्या तलावाचं चित्र. सगळे चाळकरी जमले होते. पूर्वीही आली होती, कॅमेरा तिच्यासोबतच्या अवधूतच्या खांद्यावर.

"लाईव्ह आहे हां," अवधूत ओरडला. "शिव्या नकोत, कापता येणार नाहीत."

"तुमची फसवणूक झाली असं वाटतं का?" पूर्वीनं विचारलं.

लवू परब पुढं घुसला. तळमजल्यावरचा, जिभेचा तिखट. "माका काय इचारतंस? हिका इचार! काय गो कांता, गावलो काय टॉवर? पोहूक जा मगे तळ्यात!"

हशा पिकला. कडवट, कुजका हशा. कांता गर्दीच्या कडेला उभी होती, हातात कापडी पिशवी. ती दोन पावलं पुढं आली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, टॉवर हवा, पण..."

"पण बिण ऱ्हवांदे!"

"हसत होतीस गो तू! आम्ही बघितलाव!"

आवाजावर आवाज चढले. कांताचा आवाज मध्येच थांबला. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. जागरात ती अशीच थांबायची, दुसऱ्यांनी उचलावं म्हणून. आज उचलायला कोणी नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पाठ फिरवली.

पूर्वीनं माईक झटकन दुसरीकडं वळवला. गर्दी तापलेली, शांत बोलणारा एखादा म्हातारा हवा होता. समोर बाप उभा होता. क्षणभर ती अडखळली, मग तिच्या चेहऱ्यावर कार्यक्रमातलं हसू आलं.

"काका, तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

काका.

वसंतनं तिच्याकडं पाहिलं. गेल्या महिन्यात तिनंच त्याचा चष्मा करून आणला होता. त्याच चष्म्यातून ती स्वच्छ दिसत होती. तिच्या भुवया किंचित वर गेल्या होत्या. लहानपणी काही लपवताना जायच्या तशाच. बाबा, नको.

पलीकडं कांताची पाठ गर्दीतून लांब जात होती.

"काका नको म्हणू," वसंत म्हणाला. "बाप आहे मी तुझा. लोकांनो, ही माझी पोर."

"बाबा, लाईव्ह आहे," पूर्वी दातांतल्या दातांत पुटपुटली.

"म्हणून तर." त्यानं तिच्या मनगटासकट माईक धरला आणि तोंडाशी घेतला. "कांतावहिनी, थांबा. जाऊ नका."

कांता थांबली. वळली मात्र नाही.

"टॉवर हवाच की आम्हाला," वसंत म्हणाला. आयुष्यात कधी त्यानं चारचौघांत सूर लावला नव्हता. "पण आमची घरं इथंच, ह्याच जागेवर, असं कागदावर येईस्तोवर कोणी सही करू नका गो. असं बोलल्या होत्या त्या. कॅमेऱ्यातून सगळ्यांना बजावलं होतं. पोरीनं कापलं. आणि मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, पोरीच्या नोकरीपायी."

पूर्वीनं मनगट सोडवून घ्यायचं थांबवलं होतं.

कांता आता वळून त्याच्याकडं बघत होती.

"मी बाजूलाच होतो," वसंत म्हणाला. "त्या दिवशी गाड्यांचा आवाज नव्हता, वहिनी."