दुसरीकडे कुणीतरी खेळतं आहे

चिमट्याच्या टोकाला नखाएवढा दात, वरच्या ओळीतला, पुढच्या दोघांच्या शेजारचा… तो खिडकीकडे धरून रंग जुळतो का हे बघताना ती खरं म्हणजे फायदा मोजत होती. फायदा उघड होता. त्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून कॉम्प्युटरवरचा खेळ घेतला की त्याची फाइल आपल्या हातात येते. दुकान उद्या बुडालं तरी आपला खेळ बुडत नाही. शिवाय मध्ये ते नेहमीच्या दुकानाचं ॲप नाही, जे आधी उघडायचं, त्याला नाव सांगायचं, आणि मग त्याने मेहेरबानी करून आत सोडायचं. आणखी एक फायदा तिने मनातसुद्धा जरा हळूच मोजला — मध्येच कुणी हाकलणार नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, आठवडाभर लोकांच्या कवळ्या करते. शनिवारच्या दुपारी दोन तास तिला कुणी हाकलू नये, हे मागणं काही फार नाही. नुकसानीच्या बाजूला काही सापडेना. ज्या हिशेबात नुकसान सापडतच नाही त्याच्याकडे तिने एरवी संशयाने बघितलं असतं; पण आज ती हिशेब करत नव्हती, कारणं गोळा करत होती. लांबून दोन्ही कामं सारखीच दिसतात.

"घेतला का मग?"

शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवालीने चाक बंद केलं होतं आणि तोंडावरचा फडका गळ्यात ओढला होता. ही मुलगी कवळ्या घासून चकचकीत करायची, आणि जाता जाता इतरांची आयुष्यंही.

"बघते."

"तीन दिवस बघताय. सवलत आज सहाला संपते. दात एका नजरेत निवडता, ताई, आणि खेळ घ्यायला मुहूर्त लागतो?"

"दोन्हीकडे भाव सारखाच आहे."

"भाव सारखा, माल सारखा नाही. तुमच्या त्या दुकानात पैसे मोजून काय मिळतं माहितीय? परवानगी. खेळायची नुसती परवानगी! भाड्याच्या खोलीत राहून मालकीण म्हणवून घ्यायचं."

"एकोणीस वर्षांत कुणी बाहेर काढलेलं नाही."

"दर शनिवारी काढतात की! तुम्हीच सांगितलंत, खेळ रंगात आला की फट्‌कन बंद. कोण बसलंय तुमच्या खात्यात?"

"कुणी नाही. धाकटा भाऊ."

"कुणी नाही, की भाऊ?"

तिने दात मेणात दाबला. जरा जास्तच दाबला. उपटून पुन्हा लावावा लागला.

खातं तिच्याच नावाचं होतं. धाकटा तेव्हा कॉलेजात, अठरा वर्षांचा, तिच्याहून बारा वर्षांनी लहान, त्याच्याकडे कार्ड नव्हतं आणि तिच्याकडे पगार होता. डिस्क ओरखडतात ताई, हरवतात, मित्र नेतात ते परत देत नाहीत — हे बघ, हे कायमचं. जे हातात धरता येत नाही त्याचे पैसे द्यायला ती तयार नव्हती. दिले मात्र. त्याच्यासाठी गाड्यांच्या शर्यती घेतल्या, लढाया घेतल्या, आणि पुढे नोकरीसाठी तो दूरच्या शहरात निघाला त्या दिवशी त्याने तिच्या जुन्या यंत्रात एक खेळ घालून दिला — बेटाबेटांवर होडीतून पत्रं पोहोचवायची, बाकी काही नाही, मरणं नाही, मारणं नाही. "दात सोडून जगात दुसरंही काही असतं, ते बघ जरा." तिने नाक मुरडलं आणि त्या होडीत पुढची अकरा वर्षं काढली. आता त्या खेळाचा दुसरा भाग आला होता. तोच घ्यायचा होता. कुठून, एवढाच प्रश्न.

आणि खात्याची रीत अशी की एका वेळी एकानेच खेळायचं. दुसऱ्याने सुरू केलं की पहिल्याचा पडदा काळा होतो आणि त्यावर उमटतं : हे खातं दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे. पूर्वी लगेच फोन यायचा — ताई, सॉरी, तू होतीस का, खेळ तू खेळ… गेल्या तीन वर्षांत पडदा काळा होतो आणि फोन येत नाही.

"पासवर्ड बदला ना," पॉलिशवाली म्हणाली. "नवा खेळ कुठूनही घ्या, पण आधी दार तर लावून घ्या. फुकट आहे."

फुकट आहे, या शब्दापुढे तिचं कधी फारसं चाललेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी तिने फोन काढला. दुकानाने स्वतःहूनच नवा पासवर्ड सुचवला, अठरा अक्षरांचा, ज्यातल्या एकाचाही दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. बाकी सर्व यंत्रांवरून बाहेर काढायचं का? हो. एक टिचकी. जुना पासवर्ड धाकट्याने ठरवलेला होता : आई दोघांना जेवायला एका दमात जशी हाक मारायची तशी ती दोन घरगुती नावं, मध्ये जागा न सोडता. तो पुसला गेला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. आवाज व्हायला हवा होता असं नाही.

आज शनिवार, अर्धा दिवस. दोनला सुटली, पायी निघाली. फुटपाथवर पाण्याच्या नळाचं खोदकाम, त्यावर टाकलेली फळी, फळीपाशी दोन्ही बाजूंनी थबकलेली माणसं — तुम्ही या, नाही तुम्ही या… आणि कुणीच येत नाही. लोक इतके सभ्य असतात अनोळख्यांशी. माझंच काय वाईट होतं? मी त्याला हाकललं नाही, तो मला हाकलत होता. तेही मी तिथे आहे हे ठाऊक असताना. कारण सुरू करणाऱ्याला दुकान आधी विचारतं. तिला माहीत होतं, एकदा संध्याकाळी तिलाच विचारलं होतं : या खात्यावरून दुसरीकडे कुणीतरी खेळतं आहे. तिथला खेळ बंद करून इथे सुरू करायचा? आत माणूस असलेल्या न्हाणीघराचं दार चुकून ढकललं जावं तशी दचकून तिने 'नको' दाबलं होतं. तो मात्र दर शनिवारी, चारच्या सुमारास, 'हो' दाबतो. तिने बरोबर मनात नोंदवून ठेवलं होतं. इतरांच्या चुका तिच्या मनात तारीखवार असतात.

तशी ती तारीखही. आईचा शेवटचा आठवडा. त्याचा पहिला फोन सोमवारी — ताई, मी निघू का? कशाला, नोकरी नुकतीच बदललीयस, मी आहे ना. मंगळवारी पुन्हा. बुधवारी तर तो तिकीट काढायलाच बसला होता आणि ती म्हणाली, तू येऊन काय करणार आहेस, उगाच खर्च. त्याची काळजी होती त्यात… काळजी होतीच. पण नुसती काळजी होती असं म्हणायला आज, या फळीवर, जीभ रेटेना. आईची उशी कुठल्या कुशीवर ठेवायची हे तिला एकटीलाच माहीत होतं, डॉक्टर तिच्याशीच बोलायचे, नर्स तिलाच ताई म्हणायची. जे एकटीने सोसलेलं असतं त्यात वाटेकरी नको असतो. गुरुवारी पहाटे आई गेली. तो दुपारी पोचला, बॅग खांद्यावरच, आणि भरल्या खोलीत मावशी म्हणाली, "मुलगा असून शेवटचं पाणी पाजायला नाही आला. पोरीनेच सगळं केलं हो." तो मावशीकडे बघत नव्हता. ताईकडे बघत होता. वाक्य एकच होतं, चार शब्दांचं : मीच नको म्हटलं होतं. ती पदराने डोळे पुसत राहिली. मावशीने तिला जवळ घेतलं, काकांनी डोक्यावर हात ठेवला; उभ्या आयुष्यात तिचं एवढं कौतुक झालं नव्हतं. तो थोडा वेळ थांबला. मग बॅग खांद्यावरून न उतरवताच जिना उतरला.

घरी आल्यावर यंत्र लावलं. दोन दुकानांची दोन पानं शेजारी शेजारी उघडली. एकात तेच ॲप, वर तिचं नाव, बाजूला धाकट्याच्या गाड्या आणि लढाया आणि मधोमध तिची होडी. दुसरं दुकान नुसतं पांढरं पान : पैसे द्या, फाइल घ्या, पुन्हा तोंड दाखवायची गरज नाही. कसं स्वच्छ. त्यात कुणाची वर्दळ नाही, कोण आलं कोण गेलं याची नोंद नाही… तिने पैसे दिले नाहीत. सहापर्यंत वेळ होता. आधी जुन्या होडीत बसू, म्हणाली.

चार वाजले. ती उत्तरेच्या बेटाला पत्रं उतरवत होती. चार वाजून दोन मिनिटं. पडदा काळा झाला नाही. होणारच नव्हता, दार तिनेच लावलं होतं. तरी हात कीबोर्डवरून आपोआप उचलले गेले होते, समोरून चेंडू यायचा असल्यासारखे. चार वाजून चार मिनिटं. होडी धक्क्याला लागली, पाटी आली : छान, सगळी पत्रं पोचली. अकरा वर्षांत तिने शनिवारी ही पाटी इतक्या शांतपणे वाचली नव्हती, आणि वाचून झाल्यावर पुढे काय करायचं ते तिला सुचेना.

म्हणून, केवळ काही सुचेना म्हणून, तिने त्याचे खेळ उघडून बघितले. तीन वर्षांत कधी बघितले नव्हते. बघायचे कशाला, गाड्यांमध्ये तिला काय रस. प्रत्येक खेळाखाली दुकान लिहून ठेवतं, शेवटचा कधी खेळला, किती वेळ. लढाई : दोन वर्षांपूर्वी. दुसरी लढाई : दोन वर्षांपूर्वी. फुटबॉल : त्याहून आधी. म्हणजे तो इथे खेळतच नव्हता. त्याने स्वतःचं कुठेतरी घेतलं असणार, नाहीतर सोडून दिलं असणार. राहिली शर्यत. शर्यत शेवटची : गेला शनिवार. गेल्या दोन आठवड्यांत एकूण वेळ : दोन मिनिटं.

दोन शनिवार, दोन मिनिटं. भागाकार तिला चांगला येतो.

एका मिनिटात गाडी सुरूही होत नाही. तेवढ्या वेळात फक्त दुकान विचारतं, की दुसरीकडे कुणीतरी खेळतं आहे, आणि त्याला कळतं — आहे. मग तो 'हो' का दाबत होता? नुसतं कळून भागत नसेल. कळलं हे कळवायचं असेल… दारावर टकटक करून पळून जातात तसं, लहानपणी तो तिच्या खोलीच्या दारावर करायचा तसं. आणि ती आतून ओरडायची, कामं करू दे मला! हिवाळ्यात ती तापाने दोन आठवडे पडून होती, होडीला हात लावला नव्हता. तेव्हा अचानक त्याच्या बायकोचा मेसेज आला होता, दोन वर्षांत पहिला : ताई, बऱ्या आहात ना? हिला आत्ताच कसा पुळका आला, घराच्या कागदांची आठवण झाली वाटतं — असं म्हणून तिने 'हो' एवढं एकच अक्षर पाठवलं होतं. तिने ते आता पुन्हा उघडून बघितलं. एकच अक्षर. त्याखाली त्याच्या बायकोने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं.

तेवढ्यात फोन थरथरला. दुकानाचं पत्र. तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, पासवर्ड चुकीचा होता, वेळ चार वाजून एक मिनिट. त्याखाली दुसरं, चार वाजून दोन. दोन्ही उशिरा पोचलेली. ती वाचत असतानाच तिसरं आलं, चार वाजून नऊ. म्हणजे मधली सात मिनिटं तो काय करत बसला असेल… आपलंच टायपायला चुकलं असेल, असं वाटलं असेल आधी. मग एक एक अक्षर बघत, सावकाश, दोघांची नावं, मध्ये जागा न सोडता.

त्यानंतर काही आलं नाही. तिने साडेचारपर्यंत वाट बघितली, आणि मग पाचपर्यंत.

पत्रात शेवटी दुकानाने विचारलं होतं, हे तुम्हीच होतात का? 'नाही' म्हटलंत तर त्या अनोळखी यंत्राला कायमचं अडवलं जाईल. 'हो' म्हटलंत तर काही करायची गरज नाही. अनोळखी! तिला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. 'हो' म्हटलं तरी तो आत येणार नव्हता. ती अठरा अक्षरं त्याला कळवायला हवीत. कळवायची तर आधी काहीतरी लिहायला हवं. आणि लिहायला बसलं की पहिलं वाक्य कुठलं, हे तिला माहीत होतं, तीन वर्षांपासून माहीत होतं, चार शब्दांचंच आहे. शिवाय नुसतं त्याला लिहून काय उपयोग? त्याला ते ठाऊकच आहे. सांगायचं तर मावशीला सांगायला हवं, काकांना सांगायला हवं, त्या खोलीत जे जे होते त्यांना… आणि मग डोक्यावरचे ते हात एक एक करून उचलले जातील.

तिने मावशीचा नंबर काढला. दाबला नाही. ठेवलाही नाही. पलीकडच्या पांढऱ्या पानावर सवलतीची मिनिटं उतरत होती, आणि जन्मात पहिल्यांदा एक सवलत तिच्या डोळ्यांदेखत संपत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. खेळांचे पैसे सगळे मी भरले, औषधांचेही मीच भरले, हे ती तीन वर्षं स्वतःला सांगत आली होती, आणि ते खरंही होतं, पै न पै. पण आईचा चेहरा न बघता आल्याचं त्याने भरलं, मावशीच्या वाक्याचं त्याने भरलं, ताईच्या मौनाचंही त्यानेच भरलं, आणि वर दर शनिवारी एक मिनिट भरत राहिला, कुणी मागितलेलं नसताना. सगळं त्याने भरलं होतं. पावती तेवढी तिच्या नावाची होती.