सत्यभामेची सावड

दुष्काळाच्या त्या साली नेकनूरकडच्या आमच्या वस्तीवर विहिरी आटल्या, पण बायकांच्या दूध संस्थेचं दार एकाही सकाळी बंद राहिलं नाही. दाराची किल्ली सत्यभामेच्या कमरेला असायची. उजाडायला ती कुलूप काढायची, मापं धुवायची आणि दूध घालायला आलेल्या बायकांना ओवीची पहिली ओळ द्यायची. दुसरी ओळ जिची बारी तिनं जोडायची.

पोळा झाला आणि तिच्या ओव्या तुटायला लागल्या. पहिल्या ओळीतच दम संपायचा. कॅन उचलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. रात्रभर झोपूनही अंग पिळून टाकलेल्या धुण्यासारखं. मग हळूहळू कशातच जीव लागेना.

"दुष्काळ रानात पडला, तुझ्या अंगात का म्हणून पडला?" नवरा त्रिंबक चेष्टेनं म्हणाला. ती हसली नाही.

एका सकाळी तिनं किल्ली छबुबाईपुढं धरली. छबुबाई म्हणजे संस्थेतली सगळ्यात तोंडाळ बाई.

"घ्या मावशी. मी आळशी झाले. माझ्यानं आता व्हायचं न्हाई."

"आळशी माणूस किल्ली देताना रडतं का गं?" छबुबाईनं किल्ली घेतली. "कायमची न्हाई घेत. सावड म्हणून घेते."

सावड म्हणजे अंगमेहनतीची उसनवारी. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. त्यात मजुरी नाही अन् उपकारही नाही.

"खुरपणीची सावड ऐकली, मावशी. थकव्याची कुठं असती का?"

"आता हाय. तू दवाखान्यात जा, माप मी बघते. बरी झालीस की माझ्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून दे. लई खोल गेल्यात मेल्या."

सासू बायनाबाई सोबत गेली. तपासणीत रक्त फार कमी निघालं.

"गावात वाटलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या तर घेती की ती," सासू म्हणाली.

"कशासोबत?" नर्सबाईंनी विचारलं.

"चहासंगं."

दूध सगळं संस्थेत जायचं. घरात कोरा चहा. सकाळी त्यातच भाकरी कुस्करायची, दुपारी भूक लागली की पुन्हा चहा. नर्सबाई रागावल्या नाहीत. चहा गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही, दोन्हींत दोन तासांचं तरी अंतर हवं, गोळीला लिंबूपाणी चालतं, असं त्यांनी समजावलं. पाळीत जास्त जातं का, तेही विचारलं आणि त्यावर डॉक्टरांकडून औषध मिळवून दिलं. "आजी, हा आळस नाही. आजार आहे."

गोळीसोबतचा तो कप रोज बायनाबाईनंच मायेनं सुनेच्या हातात दिला होता.

त्या संध्याकाळी तिनं हुलग्यांचं कालवण वाढलं आणि सुनेला ओढून आपल्या ताटात जेवायला बसवलं. या घरात सून सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवायची.

"अन् मी?" त्रिंबकनं विचारलं.

"तुझं रक्त कमी हाय का? तवर टँकरवरून पाणी आण."

तो घागरी घेऊन गेला. पुढंही जात राहिला.

बळ एकदम आलं नाही. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी अंथरूण सोडवायचं नाही. अशा दिवशी ती छबुबाईला निरोप धाडायची, "सावड वाढली, मावशी." छबुबाई पहाटे माप घेऊन उभीच. तिचा आवाज असा चिरका, की बायका म्हणायच्या, "तू ओवी म्हणू नको बाई, दूध नासंल."

थंडी सरता सरता सत्यभामा पदर खोचून छबुबाईच्या रानात उतरली.

"किल्ली घिऊन जा आता," छबुबाई म्हणाली.

"आधी सावड फिटू द्या."

तिनं कापसाचं वाळलं झाड पऱ्हाट्या उपटायच्या चिमट्यात धरलं, पाय रोवले, हिसका दिला. मूळ मातीसकट वर आलं. ती थांबली. दम तपासल्यासारखी. मग पुढच्या झाडाला वाकता वाकता म्हणाली,

"कोरड्या भुईमंदी, मूळ खोल गं रुतलं..."

ओळ पुरी झाली. छबुबाईनं चिरक्या आवाजात जोडली,

"सयांच्या सावडीनं, बळ माघारी परतलं."

रानात दूध नव्हतं, त्यामुळं नासायची भीती नव्हती. दोघी दुपारपर्यंत म्हणत राहिल्या.