पेशीतल्या दोन चांदण्या

कुशाबा जुन्नरजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. शिक्षण सातवी, पण वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसता पुसता त्यात डोकावायची सवयच जडली होती त्याला. १९९९च्या फेब्रुवारीत बारावीच्या प्रॅक्टिकलला शेवाळ हवं होतं. नेहमीचं टाकं नुकतंच उपसलेलं, म्हणून आपल्या गावच्या, घाटघरच्या ओढ्यातून त्यानं बाटलीभर आणलं.

पुस्तकातल्या शेवाळाच्या पेशीत हिरवी पट्टी असते, स्प्रिंगसारखी वळत गेलेली. बहुतेक पोरांनी तीच पाठ केलेली पट्टी काढली. मंगल नावाच्या मुलीनं मात्र प्रत्येक पेशीत दोन हिरव्या चांदण्या काढल्या आणि त्यांच्या मधोमध केंद्रक.

"पट्टी कुठाय?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"नाहीये सर. चांदण्याच दिसतात."

परीक्षकांनी लाल रेघ ओढली. पाचपैकी शून्य. कॉलेजच्या मॅडम शेजारीच होत्या, त्यांनी मान खाली घातली.

कुशाबाचं डोकंच फिरलं. "सायेब, पोरगी खरं बोलतीया. सकाळी मी बगितलंय. एकदा डोळा तर लावा!"

"शिपाई आहेस, शिपायासारखा राहा."

कुशाबानं सूक्ष्मदर्शक काचेसकट उचलला, तो परीक्षकांच्या पुढ्यात, मार्कांच्या कागदावरच ठेवला. सगळी पोरं बघत होती. परीक्षकांना वाकावंच लागलं. त्यांनी स्क्रू फिरवला, परत फिरवला. कान लाल झाले.

"हे शेवाळच वेगळं आहे. नमुना चुकीचा आणलाय यानं!"

"मंग पोरीचं काय चुकलं?"

मंगलच्या शून्याचे पाच झाले. पट्टीवाल्यांचे पाच तसेच राहिले.

"ज्यांनी बगितलंच न्हाई, त्यांनाबी पाच?" कुशाबा ओरडला. 

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात मेमो पडला: चुकीचा नमुना, उद्धट वर्तन. हेडक्लार्क म्हणाले, "माफीच्या दोन ओळी खरड आणि मोकळा हो."

कुशाबानं लिहिलं, "नमुना मी आणला. त्यात जे होते ते मुलीने काढले. माफी कशाची मागू, ते कळवावे."

कळवलं कुणीच नाही. फाईलवर 'उर्मट' असा शेरा तेवढा बसला. पुढं रिटायर होईस्तोवर तो शेरा तसाच होता. विषय निघाला की म्हातारा अजूनही ताडकन उठतो आणि म्हणतो, "डोळं असून बगत न्हाईत, त्यांना कुनी मेमो दिला का रं?"