पाच वेळा छापा

आईचा मुक्काम दर चार महिन्यांनी नाण्यावर ठरायचा. थोरला येई, दोघे भाऊ धाकट्याच्या बाहेरच्या खोलीत बसत, फरशीवर नाणं खणखणे आणि थोड्या वेळाने धाकटा आत येऊन सांगे, "आई, माझ्याकडेच." पाच खेपा झाल्या, पाचही वेळा धाकटाच. आईला त्याचा कोण अभिमान! शेजारणीला ती ऐकवायची, "आमच्यात आईसाठी नाणं उडवावं लागतं हो. धाकट्याचं नशीब जोरावर आहे. थोरला बिचारा दर वेळी हात हलवत परत जातो."

त्या थोरल्याचंच तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. म्हणून आज नाणं उडायच्या आधीच सांगून टाकायचं तिने ठरवलं. बॅगसुद्धा आपली आपण भरली. गुडघे धरत दारापर्यंत आली, तर बाहेर आवाज चढलेले.

"लागोपाठ पाच वेळा छापा?" धाकटा म्हणत होता. "तुझं नाणंच खोटं आहे, दादा."

थोरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. असल्या आरोपाने दुसरा कुणी चिडला असता, हा खुलला. "आधी नाणं निर्दोष आहे असं धरून चालायचं. मग बघायचं, निर्दोष नाण्याच्या हातून असं घडणं कितपत शक्य आहे. लागोपाठ पाच छापे म्हणजे बत्तिसात एकदा. शंभरात तीनच्या आसपास."

"आणि शंभरात पाचाच्या खाली गेलं की संशय घ्यायचा, असं तूच शिकवतोस ना पोरांना?"

"थांब. पाचही काटे आले असते तर मी ओरडलो असतो. म्हणजे दोन्ही बाजू धरायला हव्यात. दुप्पट कर. सहाच्या वर गेलं. आता नाण्याला दोष देता येत नाही."

"वा रे वा! स्वतःला सुटायचं असलं की दुप्पट!"

"नाणं खरं आहे असं मी म्हणतच नाहीये. खोटं असल्याचं सिद्ध झालं नाही, इतकंच. दोन्हीत फरक आहे."

आईला यातलं ओ की ठो कळलं नाही. दोघं आपल्यापायी भांडतायत एवढं कळलं, आणि खरं सांगायचं तर ते तिला गोडच वाटलं. ती हसतच बाहेर आली.

"पुरे रे आता. या खेपेला मी थोरल्याकडे राहते. पाच वेळा हरलाय बिचारा."

"हरलो नाही, आई," थोरला म्हणाला. चुकीचं विधान तसंच सोडून द्यायची त्याला सवय नव्हती. "पाचही वेळा मी जिंकलो. हरला तो हा. हरेल त्याच्याकडे तू, असं ठरलंय आमचं."

धाकट्याने डोळे वटारले, पण बोलून झालं होतं. आई जवळच्या खुर्चीत बसली. तिला राग आला नाही, आधी लाज वाटली. शेजारणीला काय काय सांगून बसलो आपण! तिला पहिल्याच दिवशी सगळं उमगलं असणार, आणि तरी ती बाई मान डोलवत राहिली.

"उडवा," आई म्हणाली. "माझ्यादेखत."

"अगं, तसं नाही गं आई..."

"उडवा म्हटलं ना!"

धाकट्याने स्वतःच्या खिशातलं नाणं काढून उडवलं. काटा आला. थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ये ना, केव्हाही ये," तो म्हणाला आणि बायकोला फोन लावायला गॅलरीत गेला.

एरवी पाण्याचा पेला उचलून न देणाऱ्या धाकट्याने आईची बॅग खांद्यावर टाकली, थोरल्याच्या गाडीची किल्ली उचलली आणि शीळ घालत, दोन दोन पायऱ्या गाळत तो खाली पळाला. आई कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. ती निम्म्यातही पोचली नव्हती, तेवढ्यात खाली थोरल्याच्या गाडीची डिकी बंद झाल्याचा आवाज आला.