रविवारी न उगवणारा लव्हाळा

लव्हाळ्याच्या एका दुर्मिळ जातीला शहरात एकच आसरा उरलाय, आणि तो म्हणजे आपल्या घरामागचा नाला, अशी वनस्पती संग्रहालयातल्या बाईंची खात्री होती. महापालिकेच्या सोमवारच्या बैठकीत त्या नाल्यावर काँक्रीटचं झाकण टाकायचं ठरणार होतं. ते अडवायला बाईंकडे होते एकवीस वर्षांत स्वतः गोळा केलेले अठ्ठेचाळीस नमुने. वाळवलेले, कागदावर चिकटवलेले, प्रत्येकावर जागा आणि तारीख.

शनिवारी त्यांनी त्या जागांचे लाल ठिपके नकाशावर मांडले. सगळे नाल्याकाठी. बाहेर एकही नाही! बाईंना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

भाजी निवडता निवडता नणंदेने मान वाकवली. "वहिनी, हा तर तुमचा कामावर जायचा रस्ता."

"नाला आहे तो."

"त्याच्याच कडेने जाता ना? हा बसथांबा. इथे ठिपकेच ठिपके, म्हणजे बस उशिरा येते. आणि तारखा बघा, रविवारी उगवत नाही वाटतं तुमचा लव्हाळा?"

बाईंनी तारखा पाहिल्या. एकही रविवार नव्हता. शोधलं नाही तिथे 'नाही' लिहू नका, असं दरवर्षी विद्यार्थ्यांना दटावणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"उद्या पलीकडे बघून येऊ," त्या म्हणाल्या. "काही सापडलं नाही म्हणजे मिळवलं."

पहिल्या दोन गल्ल्या कोरड्या निघाल्या, तेव्हा बाई चक्क गुणगुणायला लागल्या. तिसरीत लॉन्ड्रीमागे एक टाकी गळत होती. तिथे लव्हाळा गुडघाभर माजला होता. बाईंनी भिंग काढलं.

"नसेल हो तोच," नणंद दयेने म्हणाली.

"तोच आहे मेला."

साठ झुपक्यांनंतर त्यांनी मोजणं सोडलं.

सोमवारी बैठकीत बाईंनी नकाशा पालिकेच्या इंजिनीअरसमोर ठेवला. "यावर लव्हाळा कुठे आहे ते दिसत नाही, मी कुठे जाते ते दिसतं."

इंजिनीअर हसला नाही, हे त्याचे उपकार. "मग त्या नाल्यात विशेष काय आहे, मॅडम?"

बाईंनी नकाशा गुंडाळला. एकवीस वर्षांत त्यांनी तिथलं दुसरं काही उचललंच नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "महिनाभर द्या."

"आठ दिवस."

त्या तडक नाल्यात उतरल्या. घोटाभर चिखलात उभं राहून पायाशी आलेलं पहिलं रोप त्यांनी मुळासकट उपटलं, उलटसुलट करून पाहिलं. त्याचं नाव काही त्यांना सांगता येईना.