एकाच किटलीतला कहवा

मुसब्बहने प्रयोगशाळेच्या टेबलावरची सांडणीच्या लघवीची बाटली बाजूला सरकवली आणि तिच्याशेजारी दुसरी, अजून कोमट असलेली, ठेवली.

“ही माझी. तपास.”

डॉक्टर रय्याने झाकण घट्ट आहे ना, ते पाहिलं. “काका, शर्यत तुम्ही धावणार आहात का?”

“धावलो असतो तर मलाही चोर ठरवलं असतंत. मी आणि माझी सांडणी खझना रोज एकाच किटलीतला कहवा पितो. नियमाप्रमाणे शर्यतीआधी तीन दिवस दोघांचाही बंद केला. मग तीच कशी सापडते?”

खझनाच्या लघवीत कॅफीन, कॉफीतलं उत्तेजक, निघालं होतं. बिदियाच्या उंटशर्यतींच्या मैदानावर त्याचा अर्थ एकच: सांडणीला बंदी आणि तिला तयार करणाऱ्या मुसब्बहच्या नावाला कायमचा डाग.

म्हाताऱ्याची लघवी स्वच्छ निघाली. क्लबचा सचिव हिलाल खूश झाला.

“घ्या! स्वतः सोडला, जनावराला पाजत राहिला. बंदीच्या कागदावर कर सही.”

रय्या म्हणाली, “माणसाचं यकृत कॅफीन लवकर मोडून टाकतं. सांडणीचं किती वेळात, हे इथे कोणी पाहिलंय? तीन दिवसांचा नियम घोड्यांवरून उचललेला आहे.”

“चार पाय घोड्याला, चार हिला.”

“चार टेबलालाही आहेत. सही करणार नाही.”

“मग दुसरं कोणी करेल.”

“करू दे. मी त्यालाही हेच विचारीन.”

ती मुसब्बहकडे वळली. “आधी खझना पूर्ण स्वच्छ होऊ दे. मग माझ्यासमोर कहवा, नि तीन दिवस पहारा. त्यानंतर काही निघालं नाही, तर तुम्ही खोटारडे, असं मीच लिहीन.”

“लिही. मोठ्या अक्षरात लिही.”

खझना स्वच्छ निघाल्यावर तिला रय्यासमोर कहवा पाजला. पहाऱ्याला हिलालचीच माणसं होती. गोठ्याला कुलूप, चारापाणी क्लबचं. तीन दिवस उलटल्यावर लांब दांड्याच्या भांड्यात धरलेली लघवी रय्याने स्वतः यंत्रात घातली. पडद्यावरची सरळ रेघ चालत आली आणि कॅफीनच्या जागी ताठ उभी राहिली: तीन दिवसांनंतरही ते अंगात होतं.

मुसब्बहने तोंडातल्या तोंडात खझनाला एक लाडाची शिवी हासडली.

हिलाल आवाज उतरवून म्हणाला, “या हंगामात याआधी ज्या सांडण्यांवर बंदी घातली, त्यांचं काय? सगळ्या निकालांवर तुझीच सही आहे.”

“माहीत आहे.” रय्याने हातमोजे काढले. “बोलवा सगळ्या मालकांना. आधी मी बोलेन. मग त्यांना जे बोलायचं असेल, ते बोलू दे.”